न दिसणाऱ्याचा ठाव

हैदराबादहून सोडलेला शास्त्रज्ञांचा मोठा फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि त्याला बांधलेली यंत्रांची पेटी कधी नांदेड-लातूरकडच्या शिवारातही उतरू शकते. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्याकडच्या जिल्ह्यांतील लोकांना सूचना देत आली आहे : पेटी सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. आभाळातून पडलेल्या अशा पेटीशी आपला काय संबंध, असं कुणी विचारील. त्याचीच ही हकिकत.

आकाशातून येणारे क्ष-किरण आपली हवा अडवून धरते. बरंच आहे म्हणा, नाही तर आपली धडगत नव्हती! पण खगोलशास्त्रज्ञाची त्यामुळे पंचाईत होते. त्याला यंत्र घेऊन हवेच्या वर जावे लागते. १९६२ साली अमेरिकेत अग्निबाणाच्या साह्याने वृश्चिक तारकासमूहात क्ष-किरणांचा एक प्रखर स्रोत सापडला. १९६८ साली टाटा संस्थेच्या मंडळींनी हैदराबादहून फुगा सोडून त्याच स्रोताचा वेध घेतला. पुढे उपग्रह आले आणि दूरदूरच्या दीर्घिकांची केंद्रेही क्ष-किरणांत झळकताना दिसू लागली.

या केंद्रांत कृष्णविवर असते, असे आज मानले जाते. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर येत नाही. मग जे दिसतच नाही ते मोजायचे कसे?

पहिला धागा मिळाला तो लुकलुकण्यातून. १९८३ साली सुटलेला 'एक्झोसॅट' हा युरोपीय उपग्रह एकाच दीर्घिकेकडे कितीतरी तास सलग पाहू शके. काही केंद्रांचे तेज तासाभराच्या आतच कमीजास्त होते, असे त्याला आढळले. आता, एखादी वस्तू सबंधच्या सबंध तासात उजळायची, तर तिच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकाला तेवढ्या वेळात पोचली पाहिजे; आणि प्रकाशाहून वेगाने वार्ता जात नाही. प्रकाश तासात सुमारे १०८ कोटी किलोमीटर जातो. म्हणजे सूर्यापासून शनीपर्यंतही नाही! एवढ्याशा जागेतून सबंध दीर्घिकेच्या तोडीचे तेज निघते.

दुसरा धागा प्रतिध्वनीचा. खोल विहिरीत हाक मारली की ती परत येते, आणि किती वेळाने येते यावरून पाणी किती खाली आहे याचा अंदाज बांधता येतो. आपल्या भागात हे सांगायला नकोच. कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरत असते, आणि तिच्याजवळ अतितप्त कणांचा ढग असतो. त्या ढगातून निघालेले काही क्ष-किरण थेट आपल्याकडे येतात, तर काही तबकडीवर आपटून परावर्तित होतात. परतताना तबकडीतल्या लोखंडाची खूण घेऊन येतात. १९९४ साली जपानच्या 'आस्का' उपग्रहाने नरतुरंग तारकासमूहातील एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेचा वेध घेतला, तेव्हा ही खूण एका बाजूला लांबवर ताणलेली दिसली. प्रकाशाच्या तिसरा हिस्सा वेगाने फिरणारा वायू आणि प्रकाशालाही थकवणारे गुरुत्वाकर्षण, असा तिचा अर्थ लावला गेला. २००९ साली दुसऱ्या एका दीर्घिकेत खुद्द प्रतिध्वनीच सापडला : सुमारे ३० सेकंदांचा उशीर. ३० सेकंदांत प्रकाश ९० लाख किलोमीटर जातो. झाले, विहिरीची खोली कळली! सर्वांना हे पटले असे मात्र नाही. मधल्या वायूच्या ढगांमुळेही तशी खूण उमटू शकते, असे म्हणणारे जाणकार आहेत.

योगायोग असा, की त्याच १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. लातूर त्याच्याच कक्षेत. आदल्याच वर्षी किल्लारीच्या भूकंपाने हा प्रदेश हादरला होता. अशा ठिकाणी कृष्णविवरांचा अभ्यास कोण करणार, असे वाटणे साहजिक होते.

तो झाला. वेधशाळा नव्हती, पण चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या 'चंद्रा' उपग्रहाची टिपणे कालांतराने सर्वांना खुली होतात. नांदेडच्या संशोधकांनी एका अमेरिकन सहकाऱ्यासह ती घेतली आणि कालेय तारकासमूहातील एनजीसी ६३३८ या दीर्घिकेवरचा निबंध २०१२ साली इंग्लंडच्या राजकीय ज्योतिष संस्थेच्या मासिकात छापून आणला. त्यांनी तिसराच धागा धरला. कृष्णविवराजवळून सुटणारे झोत भोवतालच्या तप्त वायूला बाजूला सारतात, आणि क्ष-किरणांच्या चित्रात तिथे काळसर पोकळ्या दिसतात. अशा दोन, कदाचित तीन पोकळ्या त्यांना आढळल्या. त्या फुगवायला लागलेली शक्ती त्यांनी मोजली. ती भरते सुमारे साडेचारशे कोटी सूर्यांच्या तेजाएवढी. आणि तिच्यापैकी रेडिओलहरींच्या रूपाने दिसतो तो जेमतेम दहा हजारावा हिस्सा. बाकीची सारी वायू ढकलण्यात खर्च होते.

त्या लेखकांपैकी एकाच्या पुढच्या निबंधांवर पत्ता आहे तो लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयाचा, बार्शी रस्ता.