शेळ्यांतील जंतांवर पळसपापडी : उपयोग किती, धोका किती?

बुलढाणा जिल्ह्यात माळावर, बांधावर पळसाला तोटा नाही. उन्हाळ्यात शेंगा वाळल्या की त्यातली चपटी, तांबूस बी म्हणजे पळसपापडी गोळा करून ठेवायची आणि पावसाळ्यात जंतांसाठी शेळ्यांना द्यायची, हा जुना रिवाज आहे. ही निव्वळ समजूत नाही. या बियांत पॅलासोनिन नावाचा जंतनाशक घटक असतो. मेंढ्यांवरील प्रयोगांत बियांची पूड दिल्यावर लेंड्यांतील जंतांची अंडी बरीच कमी झाली; पूर्ण संपली मात्र नाहीत.

अडचण मात्रेची आहे. मूग-उडदाच्या फुलोऱ्यावर येणारे, अंगाला लागल्यास फोड आणणारे हिंगे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यातील विषारी घटक आणि पॅलासोनिन हे रचनेने सख्खे भाऊच. मूठभर बिया अंदाजाने कुटून पाजल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय झाड, साठवण आणि तयार करण्याची पद्धत बदलली की ताकद बदलते. मलेरियावरील आर्टेमिसिनिन हे औषधही वनस्पतीतूनच आले. चीनच्या तू यूयू यांना त्यासाठी 2015 चे नोबेल मिळाले. पण उष्णतेने गुण जातो हे ओळखून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, तेव्हाच तो खात्रीने लागू पडला. आपल्या पळसपापडीची मोजून-मापून ठरलेली गोळी अजून नाही.

पावसाळ्यात सर्वांत घातक हिमॉन्कस हा रक्त पिणारा जंत. तो चौथ्या पोटात राहतो. यात बहुधा हगवण लागत नाही, म्हणून फसायला होते. दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटून आतला रंग पाहा. लाल असेल तर ठीक. फिकट गुलाबी दिसला तर लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरले असेल, तर पळसपापडीत दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मी पिकांचा माणूस, औषधाची मात्रा पशुवैद्यकच ठरवतील. शेळी गाभण असल्यास आधी सांगा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाही.

बाभळीचा पाला आणि शेंगा मात्र चाऱ्यात थोड्या प्रमाणात जरूर द्या. त्यातील टॅनिनमुळे जंतांचा जोर काहीसा कमी होतो. भरमसाट दिल्यास उलट चाऱ्यातील प्रथिने पचत नाहीत. सीताफळाच्या बिया कुटून पाजू नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर माणसाच्याही डोळ्यांना गंभीर इजा होते.