मोटारीची शीतनयंत्रणा : जुन्या गाडीतील दोषनिदान

इंजिनात तयार होणारी जादा उष्णता बाहेर टाकून इंजिन ठरावीक तापमानाला राखणारी यंत्रणा म्हणजे शीतनयंत्रणा. पेट्रोल जळून मिळालेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरवाटे जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यातून रेडिएटरपर्यंत पोचते. यंत्रणेतला कोणताही भाग कमी पडला तरी मालकाची तक्रार एकच असते : गाडी गरम होते. तक्रार एक आणि कारणे डझनभर, त्यामुळे गॅरेजमध्ये अंदाजाने सुटे भाग बदलत जाण्याची रीत पडली. आज रेडिएटर, पुढच्या महिन्यात वॉटर पंप, त्यानंतर सिलिंडर हेड. या नोंदीचे म्हणणे असे, की काय बदलायचे हे ठरवण्याआधी गाडी नेमकी केव्हा गरम होते हे विचारले, तर बहुतेक दोष एकही बोल्ट न सोडता ओळखता येतात. विवेचन अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि पहिल्या पिढीतील मारुती ८०० यांसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि थंड पाणी खाली उतरे, एवढ्यावर अभिसरण चाले. १९०१ साली गाजलेल्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी विल्हेल्म मायबाख याने ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि थोड्या पाण्यात जास्त उष्णता बाहेर टाकण्याची वाट मोकळी झाली. पुढे वॉटर पंप, पट्ट्यावर फिरणारा पंखा, थर्मोस्टॅट आणि दाब धरणारे झाकण यांची भर पडली. यांतले झाकण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पाण्यावरचा दाब दर चौरस इंचाला १ पौंडाने वाढला की त्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वर सरकतो. ७ पौंडांचे झाकण धड असेल तर समुद्रसपाटीला पाणी साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर चिरले की ही सवलत गेली. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून पुण्यात कुरकुर न करणारी गाडी घाट चढून वर आल्यावर पाणी फेकते. झाकण उलटे करून रबराची कडा पाहावी. त्यावर तोंडाच्या काठाचा खोल वण उमटला असेल किंवा रबर दगडासारखे झाले असेल, तर पुढच्या तपासणीआधी ते बदलावे.

त्याहूनही आधी गाडी खरोखर गरम होते का, याची खात्री करावी, कारण काटा खोटे बोलू शकतो. ब्रिटिश धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही एकदम चढलेले दिसले तर दोष डॅशबोर्डमागे आहे, बॉनेटखाली नाही. याच्या उलट प्रकार घातक आहे. पाणी इतके कमी झाले की सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येतो आणि चालकाला हायसे वाटते. इन्फ्रारेड तापमापकाने पडताळा घेता येतो, पण चकचकीत पितळेवर तो बराच कमी आकडा दाखवतो. तो काळ्या रंगाच्या किंवा रबरी भागावर रोखावा.

आता मुख्य प्रश्न : केव्हा? गाडी सिग्नलला आणि कोंडीत तापते, मोकळ्या रस्त्यावर शांत होते, तर कमतरता हवेची आहे. वेगात गाडीला वारा फुकट मिळतो. उभी असताना तो पंख्याने ओढावा लागतो. अँबॅसडरसारख्या गाडीत पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवरच बसवलेला असतो, म्हणून तिथे पट्ट्याचा ताण आधी पाहावा. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. तिथे मोटर, फ्यूज, वायरिंग आणि पाण्याच्या तापमानावर चालू-बंद होणारा स्विच हे संशयित. हा स्विच बाजूला सारून पंखा ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत आहे. दोष पंख्याच्या स्विचमध्ये असला तर तेवढ्याने भागते, पण तो खरेच स्विचमध्ये होता की नाही हे मग कळत नाही.

उलट गाडी शहरात ठीक आणि महामार्गावर सलग वेग धरला की तापते, तर हवा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. म्हणजे पाणी पुरेसे वाहत नाही, रेडिएटर आतून चोक झाला आहे, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करते आहे. इग्निशनचे टायमिंग मागे पडणे, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येणे, ब्रेक धरून राहणे ही शेवटच्या प्रकारातली कारणे, आणि रेडिएटरवाल्याच्या दुकानात ती कधीच सापडणार नाहीत. पाण्याच्या बाजूने पाहायचे तर खालचा होज पाइप विसरू नये. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर पिचले आणि आतली स्प्रिंग गंजून गेली, की इंजिनाचा वेग वाढताच तो चोखलेल्या आंब्यासारखा आत बसतो आणि पाण्याची वाट बंद करतो. आयडलवर मात्र तो गरगरीत दिसतो. म्हणून एकाने ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने, पट्ट्यापासून हात लांब ठेवून, पाइपकडे पाहावे. घाटात गाडी तापली हा पुरावा मात्र एकट्याने कामाचा नाही. चढावर भार मोठा आणि वेग कमी, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही एकदम पणाला लागतात. बोरघाटात तापलेल्या गाडीची आधी सपाटीवरची वागणूक विचारावी.

थर्मोस्टॅटवर थोडे थांबावे लागेल, कारण चुकीचा उपाय सर्वांत जास्त याच भागावर होतो. इंजिन गार असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवून साधारण ८० ते ८८ अंशांना ती उघडणारी ही मेणावर चालणारी झडप. ती बंद अवस्थेत अडकली तर वरचा पाइप गार राहतो आणि इंजिन उकळते. मेकॅनिक ती काढून फेकतो, गाडी त्या दिवशी सुधारते, आणि ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, थर्मोस्टॅट कशाला?’ हा युक्तिवाद पक्का होतो. तो चुकीचा आहे. पूर्ण उघडलेली झडप उन्हाळ्यात फारशी आड येत नाही; तिचे काम इंजिनाला किमान तापमानाखाली जाऊ न देणे हे आहे. तिच्याविना जानेवारीच्या पहाटे महामार्गावर इंजिन हवे तेवढे तापतच नाही. न वाफारलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, क्रँककेसमध्ये ओल साचते आणि पेट्रोल जास्त जळते. थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या वेगाने फिरते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, हे स्पष्टीकरणही खरे नाही. प्रवाह वाढला तर रेडिएटर एकूण उष्णता जास्तच बाहेर टाकतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी आणखी तापते ती वेगळ्या कारणाने : उघडताना बायपासची वाट बंद करणारी झडपच गेली, तर तापलेल्या पाण्याचा एक भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात शिरतो. निदानाच्या दृष्टीने थर्मोस्टॅट काढण्याचा सर्वांत मोठा तोटा असा, की अर्धवट चोक झालेला रेडिएटर काही महिने झाकला जातो. तपासणी तर स्वयंपाकघरातही होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, बुडाला न टेकवता, टांगावा, शेजारी तापमापक ठेवावा आणि पाणी तापवावे. कडेवर ८२ कोरलेले असेल तर त्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

गाडी गार असताना सुरू केली आणि पाणी कोमट होण्याआधीच वरचा पाइप टणक झाला, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबेनात, किंवा कुठेही थेंब न गळता गाडी पाणी पिते आहे, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रासायनिक द्रवातून ओढली आणि तो पिवळा झाला, तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नये. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो नुसत्या ओलीनेही जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलच चहासारखे झाले असेल तर गोष्ट वेगळी. गळती शोधायची तर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन पंधरा मिनिटे काटा पाहावा, आणि वॉटर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाखाली पांढरट ओघळ आहे का ते बघावे. ते भोक सील गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेले असते. तिथे एम-सील लावून ते बुजवू नये.

यावर गॅरेजवाल्यांचा आक्षेप रास्त आहे : तपासणीत दिवस जातो, मजुरी कोण देणार? त्यापेक्षा जुन्या गाडीत सगळेच एकदम बदललेले बरे. होज, पट्टा, झाकण हे स्वस्त भाग वयानुसार बदलावेत, इथपर्यंत हे मान्य. पण रेडिएटर आणि हेड या रांगेत बसत नाहीत. शिवाय मूळ कारण टायमिंगमध्ये असेल तर नवा रेडिएटरही तापणारच. दुसरा आक्षेप कूलंटबद्दल : पूर्वी नळाचे पाणी घालूनच गाड्या चालत. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरेच. कूलंटची गरज त्यातल्या गंजरोधकांसाठी आहे. दख्खनच्या बोअरचे जड पाणी तापले की चुन्याचा थर धरते. पितळी रेडिएटर उघडून त्याच्या नळ्यांतून सळी फिरवता येते, हेडच्या आतल्या वाटांतून नाही. कूलंट घातल्यावर गाडी गळू लागली अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा क्षाराने बुजलेले जुने भोक उघडे पडलेले असते. इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, म्हणून सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये.

झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, फडके धरून उघडावे, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते. जुनी गाडी बाळगणाऱ्याने एक लहान वही गाडीत ठेवावी : कोणत्या तारखेला, किती किलोमीटरनंतर, किती पाणी घातले, आणि काटा चढला तेव्हा गाडी उभी होती, वेगात होती की चढावर. गॅरेजला जाताना ती वही सोबत न्यावी.