राजीखुशीने व अक्कलहुशारीने

परवा भाच्याचा फोन आला. गावाकडची माझ्या वाट्याची पाऊण एकर जमीन मी त्याला बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत द्यायची ठरवली आहे. इतकी वर्षं तोच ती कसतो आहे. तर तो विचारत होता, "मामा, एवढ्या स्वस्तात विकलेलं कायद्याला चालतं का?"

चालतं. १८७२ च्या करार कायद्यात एक गमतीदार उदाहरण आहे. एकाने हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचा करार केला. त्याची संमती खुशीची असेल तर करार पक्का! पण तोच जर म्हणाला की मी खुशीने कबूल झालो नव्हतो, तर कोर्टाने दहा रुपयांचा आकडाही लक्षात घ्यायचा. मुद्रांक शुल्क मात्र रेडी रेकनर आणि आपला आकडा यांत जो जास्त, त्यावर भरावं लागतं. ते असो.

फोन ठेवला आणि मला आमच्या आजोबांचं खरेदीखत आठवलं. ट्रंकेत अजून आहे. कागदावर 'कायम खरेदी' लिहिलंय, पण घरात त्या शेताला सगळे 'गहाणातलं शेत' म्हणत. लहानपणी मला हे कोडं सुटत नसे. किंमतही अशी की आजी म्हणायची, "एवढ्यात तर बैलजोडीसुद्धा आली नसती." खाली मात्र नेहमीची ओळ, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले'. आणि आजोबांचा अंगठा.

हे कोडं पुढे इतिहास वाचताना सुटलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला, ती यादवी १८६५ साली संपली आणि भाव कोसळला. सारा वाढला होता. त्यात १८५९ च्या तमादीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा करायचा आणि साठलेलं व्याज मुद्दलात घालायचं, ही रीत पडली. शेतकरी कोर्टात फिरकत नसे, एकतर्फी हुकूमनामे होत. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. त्यांना माणसं मारायची नव्हती, कागद जाळायचे होते! त्याच सप्टेंबरात आपल्या शिराळ्याकडच्या कोकरूडलाही सावकाराचे कागद जाळले गेले. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं.

मग १८७९ चा डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला, प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता कर्ज मुळापासून तपासायचं, हप्ते बांधून द्यायचे, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली आपल्या भागात फिरून काम केलं.

पण पळवाट निघालीच. गहाणाचा हिशोब कोर्ट उकरतं, तर गहाणखत करायचंच नाही! कर्ज देताना सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं. पैसे फेडलेस की शेत परत, हा शब्द फक्त तोंडी. म्हणून पुढे कायद्यात '१० अ' कलम घातलं गेलं. कागदावर काहीही लिहिलेलं असो, मूळ व्यवहार कर्जाचा होता की विक्रीचा, हे कोर्ट तोंडी पुराव्यानेही पाहू शकेल. तिथे मातीमोल किंमत शेतकऱ्याच्या बाजूने बोले.

आजोबांचं खत १९२० नंतरचं. म्हणजे कायदा तेव्हा होता. आजोबा कोर्टाची पायरी चढले नाहीत. असा कायदा आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं का, कोण जाणे. शेत गेलं ते गेलंच.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही सावकाराने कर्जापोटी खरेदीखताने घेतलेली जमीन चौकशी करून परत देण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. कुणाच्या घरी असा कागद असेल तर वेळ घालवू नका.

भाच्याला मी सांगितलं, खतात खरा आकडा लिही. आणि सहीच्या आधी सगळ्या भावंडांना बोलावून खत मोठ्याने वाचून दाखव. खाली 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' येणारच आहे. आमच्या घराण्यात एकदा तरी ते खरं असू दे.