पडद्यावरील अस्पृश्यता: दयेपासून दगडापर्यंत

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि समोर प्रश्न होता तो अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुखांनी या लढ्याला साथ दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला होता. म्हणजे बोलपट येण्यापूर्वीच अस्पृश्य समाज संघटित होऊन पाणी आणि मंदिर हक्काने मागू लागला होता. परंतु पुढे चित्रपटांनी अस्पृश्यतेचा विषय हाती घेतला तेव्हा हा हक्क मागणारा माणूस त्यांत अभावानेच दिसला. त्याच्या जागी आली ती दया.

‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये व्ही. शांतारामांनी संत एकनाथांची कथा निवडली. एकनाथ महाराच्या घरी जेवतात आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतात. त्या काळात हे धाडसच होते. मात्र कथेचा नायक आहे तो उदार ब्राह्मण संत. महाराने स्वतः काय केले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील कस्तुरी रेल्वेगाडी वाचविताना प्राण देते. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मध्ये नायिकेने रक्त दिल्यावरच पालनकर्त्या आईचे मन पालटते. या दोन्ही नायिका सोशिक, निष्पाप आणि त्यागी आहेत. आपले माणूसपण त्यांना प्राण किंवा रक्त देऊन सिद्ध करावे लागते. दुसरीकडे, सवर्णांना माणूस ठरण्यासाठी कोणतीच परीक्षा द्यावी लागत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत ‘गेस हू इज कमिंग टू डिनर’ (१९६७) मधील कृष्णवर्णीय नायक जगद्विख्यात डॉक्टर आहे. गोऱ्या घरात जावई म्हणून जायचे, तर त्याला निर्दोष असणे भागच होते. ‘मिसिसिपी बर्निंग’ (१९८८) मध्ये नागरी हक्क चळवळीच्या काळातील हत्यांचा शोध घेणारे नायक गोरे अधिकारी आहेत. चळवळीतील कृष्णवर्णीय माणसे मागे राहतात. या दोन समाजांतील नाते मराठी चित्रपटानेही ओळखले होते. ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली होती. जब्बार पटेल यांच्या ‘मुक्ता’ (१९९४) मध्ये मराठा तरुणी आणि दलित कार्यकर्ता यांच्या प्रेमकथेत नायिकेचा कृष्णवर्णीय अमेरिकन मित्र येतो आणि जात व वर्ण एकमेकांसमोर उभे राहतात. त्यांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) मध्ये महाडचा संघटित लढा भव्य पडद्यावर आला.

खरा पालट घडविला तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३). जब्या कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा आहे. मारलेले डुक्कर काठीला बांधून नेणारे त्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून पुढे जाते. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांबरोबर गाडगेबाबाही आहेत. शेंडगावला जन्मलेले आणि अमरावतीत समाधी असलेले आपले गाडगेबाबा! भिंतीवर चित्रे रंगविणे आणि भिंतीखालून जाणाऱ्याला माणूस मानणे यांतील अंतर हे एक दृश्य दाखविते. दलित आत्मकथने शिकविणाऱ्या आम्हा अध्यापकांनाही ते सुखाने बसू देत नाही; वर्गांच्या भिंतींवर हीच चित्रे आम्हीही लावतो.

जब्या रक्त देत नाही, प्राणही देत नाही. अखेरीस तो दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने येतो. ‘सुजाता’ पाहून प्रेक्षक डोळे पुसून घरी जाऊ शकत होता. ‘फँड्री’ ती सवलत देत नाही. जो प्रेक्षक इतकी वर्षे दया करणारा होता, तोच येथे प्रथम आरोपी ठरतो.

१९२७ साली इंद्रभुवनमध्ये जमलेल्या माणसांनी कोणाची दया मागितली नव्हती. पडद्याला ही गोष्ट समजायला बराच काळ लागला. आपल्याला ती समजली आहे काय, हे मात्र चित्रपट संपल्यानंतरच ठरते.