घरच्या घरी साथ

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून तो पोट भरतो, आणि उरल्या वेळात ‘जॅझ’ नावाचे अमेरिकन संगीत शिकतो. राळेगणसिद्धीत जॅझ! मलाही प्रथम हसू आले होते. त्याने खिशातला फोन कोनाड्यात पणतीशेजारी ठेवला, काहीसे दाबले, आणि आमच्या ओसरीवर पियानो, ड्रम आणि थोरल्या बास फिडलचा घुमारा सुरू झाला. त्यावर तो आपले वाद्य वाजवू लागला. आई माजघरातून डोकावली आणि म्हणाली, “आरं, बाकीची मंडळी कुठं बसल्यात?”

म्हातारीचा प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हे. रियाज एकट्याने करायचा असतो आणि संगीत मात्र एकट्याने होत नाही, ही अडचण जुनीच आहे. आपल्याकडे गुरूच्या मागे बसून शिष्य तंबोरा छेडी. तबलजीला हात साफ करायचा तर कुणाला तरी पेटीवर लेहरा धरून बसवावे लागे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे बासरीवादक इंजिनियर जी. राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा तयार केला, आणि ती पेटी हळूहळू घरोघरच्या गवयांच्या उशाशी आली.

जॅझवाल्याची गरज याहून मोठी. त्याच्या ‘ब्लूज’ या प्रकारात बहुधा बारा घरे असतात, प्रत्येक घरात चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. घराघराला खालची स्वरसंगती बदलते, आणि वाजवणाऱ्याने त्या बदलत्या जमिनीवर ऐन वेळी नवी चाल रचायची. जमीनच नसेल तर रचणार कशावर?

मुंबईत ही जमीन प्रथम माणसांनी घातली. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. त्यांना ऐकायला आणि त्यांच्याशेजारी बसून वाजवायला तयार होते ते आपले गोवेकर. चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकून ही मुले मुंबईला येत, आणि गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडां’त पथारी टाकीत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो गाजला. ट्रम्पेटवर त्याचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. या मंडळींचा दुसरा गुरू म्हणजे ग्रामोफोन. पण तबकडीची एक खोड असे: तिच्यावरचा उस्ताद तुम्हांला जागा देत नाही, स्वतःच वाजवीत राहतो; आणि उमजावे म्हणून वेग कमी करावा तर सूरही खाली घसरतो.

इथे आमच्या नगर जिल्ह्याचा धागा येतो, आणि तो सांगताना माझी मान जरा ताठ होते. गोदाकाठच्या पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी या चिक चॉकलेटला आपला साहाय्यक केले. १९५१च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. १९४९च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर हॉटेलांतली नाचगाण्यांची रया गेली, तसे अनेक गोवेकर वादक सिनेमाच्या स्टुडिओंत अधिकच स्थिरावले. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि सेबास्टियन डिसूझांसारख्यांनी ती साठ-साठ वाद्यांसाठी कागदावर उतरवावी, असे ते दिवस होते.

तिकडे अमेरिकेत आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे चालूच होते. १९५०मध्ये न्यूयॉर्कच्या अर्व्ह क्रॅटका यांनी एक वाद्य मुद्दाम गाळलेल्या तबकड्या काढल्या; गाळलेली जागा ऐकणाऱ्याने घरी भरायची. १९६७पासून इंडियानातल्या जेमी एबरसोल्ड यांनी खास जॅझसाठी तशाच तबकड्या काढल्या. त्यांत साथ खऱ्या वादकांची असे, पण वेग आणि पट्टी ठरलेली. मग १९९० साली कॅनडातल्या पीटर गॅनन यांचा ‘बँड-इन-अ-बॉक्स’ आला. संगणकावर स्वरसंगतींची नावे टंकावीत, ढंग निवडावा, की यंत्र स्वतःच पियानो, बास आणि ड्रमची साथ रचून देते. वेग निम्मा केला तरी सूर हलत नाही. आज असले बँड फोनमध्ये मावतात.

पण याच सुमारास मुंबईत दुसरेही काही घडत होते. सिंथेसायझर आले, एकेक वाद्य वेगळे मुद्रित होऊ लागले, आणि १९९०च्या दशकात सिनेमाचे मोठमोठे वाद्यवृंद ओस पडत गेले. ज्या जातीच्या यंत्राने माझ्या विद्यार्थ्याच्या ओसरीत मंडळी आणून बसवली, त्याच जातीच्या यंत्राने स्टुडिओतली मंडळी उठवली. आता त्याच्या स्वतःच्या बँडातही तीन माणसांच्या जागी एक कीबोर्ड आला आहे. मी हे बोललो तेव्हा तो गप्प बसला. मग म्हणाला, “गुरुजी, गावात माझ्याबरोबर जॅझ वाजवणार कोण?” मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी त्याला यादवबाबांच्या मंदिरात भजनाला नेले. क्लॅरिनेट पाहून मंडळी कौतुकाने सरकून बसली. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्याला बुवांनी मध्येच आलाप लांबवला, पखवाजवाले म्हातारे त्यांच्याकडे पाहत लय धरून थांबले, आणि आमचा गडी सरळ पुढे निघून गेला. कोनाड्यातला बँड त्याच्यासाठी कधी थांबला नव्हता. दुसऱ्यासाठी थांबण्याची सवय त्याला कुठून असणार? तो ओशाळून वाद्य खाली ठेवू लागला. म्हाताऱ्यांनी मानेनेच ‘राहू दे’ अशी खूण केली, डाव्या हाताने चार मात्रा मोठ्याने मोजून दाखवल्या आणि त्याला समेवर आणून सोडले. मग बारा वाजून गेले तरी तो उठेना. फोन खिशात वाजत होता. घरून त्याची आई बोलावीत होती.