बर्फाचा डोंगर कोणाच्या मालकीचा? मॅड रिव्हर ग्लेनचा इतिहास

१/
अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात मॅड रिव्हर ग्लेन नावाचे एक स्की केंद्र आहे. तेथील मुख्य चेअरलिफ्टच्या प्रत्येक खुर्चीवर एकच माणूस बसतो. इतरत्र एकेका खुर्चीवर चार, सहा, क्वचित आठ माणसे बसवून माथ्यावर पोहोचवली जात असताना या केंद्राने २००७ मध्ये सुमारे १७ लाख डॉलर खर्चून ही जुनी एकेरी लिफ्ट मुद्दाम मूळ रूपात दुरुस्त करून घेतली. व्यवहाराला न पटणाऱ्या या निर्णयामागे एक जुना वाद आहे. स्कीचा डोंगर नफ्यासाठी चालवावा की स्कीपटूंसाठी? हा धागा त्या वादाचा.

२/
आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्की केंद्र आणि व्यापार यांचे नाते नंतर जडलेले नाही, ते जन्मापासूनचे आहे. जगातील पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे सुरू झाली. ते केंद्र युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने उभारले होते, आणि हेतू सरळ होता: हिवाळ्यात गाड्यांना प्रवासी मिळावेत. कंपनीचे अभियंता जेम्स करन यांना लिफ्टची कल्पना सुचली ती जहाजांवर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. घडाच्या जागी खुर्ची आली, एवढाच फरक.

३/
या धंद्याचे अर्थकारण मुळातच अडचणीचे आहे. लिफ्ट, कामगार, विमा, उतार सपाट करणारी यंत्रे यांचा खर्च आधी करावा लागतो. उत्पन्नाचे महिने मात्र चार-पाच. त्यातही नाताळची सुटी आणि फेब्रुवारीतील काही दिवस यांवर वर्षाचा हिशेब ठरतो. त्या दिवसांत बर्फ पडलाच नाही तर खर्च अंगावर येतो. म्हणून मालकाला गर्दी हवी असते आणि हमखास बर्फ हवा असतो. स्कीपटूला बर्फ हवा असतो, पण गर्दी नको असते. संघर्षाचे बीज येथे आहे.

४/
बर्फाच्या प्रश्नावर उत्तर निघाले ते कनेक्टिकट राज्यात. १९५० मध्ये टे मॅन्युफॅक्चरिंग या लहान कंपनीतील वेन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाखालील हवा व पाणी एकत्र फवारून कृत्रिम बर्फ तयार केला. हे तंत्र हळूहळू सर्वत्र पसरले. त्यातून हंगामाची शाश्वती वाढली, पण पंप, नळ, वीज यांसाठी मोठे भांडवल गुंतवावे लागू लागले. ते वसूल करण्यासाठी आणखी गर्दी हवी झाली, आणि गर्दीसाठी आणखी मोठ्या लिफ्ट.

५/
आता व्हरमाँटकडे वळू. रोलंड पामेडो हे न्यूयॉर्कचे गुंतवणूक बँकर आणि जातिवंत स्कीपटू. १९३० च्या दशकात स्टो या गावाजवळचा मॅन्सफील्ड डोंगर स्कीसाठी प्रसिद्धीस आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४० मध्ये तेथे जी एकेरी चेअरलिफ्ट उभी राहिली, तिच्यासाठी भांडवल जमवण्यात पामेडो आणि त्यांची मित्रमंडळी पुढे होती. म्हणजे हा माणूस पैशाच्या व्यवहाराला अपरिचित नव्हता. तो व्यवहार कोणत्या टोकाला जातो, हे त्यांनी जवळून पाहिले.

६/
१९४० च्या दशकात स्टोमध्ये विमा व्यवसायातील धनाढ्य सी. व्ही. स्टार यांचा पैसा येऊ लागला. लिफ्ट, जमीन, निवासस्थाने यांची वेगवेगळी मालकी एका छत्राखाली आणण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि १९४९ मध्ये ती पूर्ण झाली. व्यवसाय म्हणून हे शहाणपणाचे होते. पामेडोंना मात्र स्टोचे हे बदलते रूप रुचले नाही. त्यांच्या मते स्की केंद्र म्हणजे डोंगरावरची करमणूक बाग नव्हे. खेळावर प्रेम करणारे स्कीपटू आणि तेथे काम करणारी माणसे यांची ती हिवाळी वस्ती असते.

७/
त्यांनी दक्षिणेकडे फेस्टन गावाजवळचा स्टार्क डोंगर निवडला. १९४८-४९ च्या हंगामात तेथे मॅड रिव्हर ग्लेन सुरू झाले. सुमारे ६०० मीटर उंचीचा उतार, झाडांमधून वळणे घेत उतरणारे अरुंद मार्ग, आणि एकेरी खुर्च्यांची लिफ्ट. पायथ्याशी हॉटेलांची वसाहत उभारली नाही. डोंगराचा आकार बदलून मार्ग रुंद व सोपे करण्यापेक्षा डोंगर आहे तसा ठेवून मार्ग त्याच्या कलाने काढले गेले.

८/
दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच खोऱ्यात शुगरबुश हे दुसरे केंद्र उघडले. तेथे बंदिस्त डब्यांची गोंडोला लिफ्ट होती, न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू मंडळींची वर्दळ होती, आणि लोकांनी त्याला ‘मस्कारा माउंटन’ असे खोचक नाव दिले होते. स्कीइतकेच तेथे दिसणे-मिरवणे महत्त्वाचे, असा त्याचा अर्थ. एकाच खोऱ्यात व्यवसायाच्या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदू लागल्या. पुढच्या इतिहासाला हे शेजार फार उपयोगी पडते, कारण दोन्ही मार्गांचे परिणाम ताडून पाहता येतात.

९/
एकेरी लिफ्टचे महत्त्व समजण्यासाठी साधे गणित पाहावे. ती तासाला जेमतेम पाचशेच्या आसपास माणसे वर नेते. १९८१ मध्ये कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे चार आसनी वेगवान लिफ्ट आली. तशा लिफ्ट तासाला दोन हजारांहून अधिक माणसे नेतात. खाली रांग झटपट सरते, ग्राहक खूश होतो. पण तीच माणसे मग उतारावर दाटतात. बर्फ लवकर घासला जातो, टक्कर होण्याची भीती वाढते. मॅड रिव्हरला रांग खाली लागते आणि उतार मोकळा राहतो. नैसर्गिक बर्फावर विसंबणाऱ्या केंद्राला तो बर्फ टिकवण्याचाही हाच मार्ग.

१०/
१९७२ मध्ये पामेडोंनी हे केंद्र ट्रक्स्टन व बेट्सी प्रॅट या दांपत्याच्या पुढाकाराने जमलेल्या गटाला विकले. १९७५ मध्ये ट्रक्स्टन वारले आणि कारभार बेट्सीबाईंच्या हाती आला. तो काळ लहान केंद्रांसाठी कठीण होता. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सातशेहून अधिक स्की केंद्रे होती. आज ती पाचशेच्या आतच आहेत. विमा महागला, लिफ्ट महागल्या, आणि एका उबदार हिवाळ्याचा फटका सोसण्याची ताकद लहान मालकांत उरली नाही. बेट्सीबाईंनी वीस वर्षे पामेडोंची घडी मोडली नाही.

११/
पण आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांना होताच. बड्या कंपनीला विकले तर पहिला घाव एकेरी लिफ्टवर पडणार, हे उघड होते. त्यांनी वेगळा विचार केला: ज्यांना हा डोंगर असाच हवा आहे त्यांनीच तो विकत घ्यावा. डिसेंबर १९९५ मध्ये स्कीपटूंच्या सहकारी संस्थेने सुमारे २५ लाख डॉलरला मॅड रिव्हर ग्लेन घेतले. सुरुवातीला एका शेअरची किंमत १,५०० डॉलर होती. स्कीपटूंच्या सहकारी मालकीचे अमेरिकेतील पहिले केंद्र अशी त्याची ओळख झाली.

१२/
संस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. एका सभासदाला घेता येणाऱ्या शेअरांवर मर्यादा. शेअर कितीही असले तरी मत एकच. सभासदाने दरवर्षी ठरावीक रकमेची आगाऊ खरेदी करायची, म्हणजे बर्फ पडण्यापूर्वी संस्थेच्या हाती काही रोकड असते. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व नवे नाही. फरक इतकाच की तेथे उत्पादक एकत्र येतात, येथे ग्राहक एकत्र आले. तिकीट घेणारा आणि तिकिटाचा दर ठरवणारा एकच झाला.

१३/
त्याच सुमारास शेजारच्या शुगरबुशचीही मालकी बदलली. ते लेस ऑटन यांच्या ताब्यात गेले. ऑटन यांची अमेरिकन स्कीइंग कंपनी एकामागून एक केंद्रे घेत सुटली होती. शुगरबुशला भांडवल मिळाले, नव्या वेगवान लिफ्ट मिळाल्या. त्यांतील एक दोन डोंगरांना जोडणारी, तीन किलोमीटरहून लांब. स्कीपटूंना हेच तर हवे होते! १९९७ मध्ये कंपनीने शेअर बाजारात प्रवेश केला. पण विस्तार कर्जावर उभा होता. २००१ मध्ये शुगरबुश विकावे लागले आणि २००७ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली.

१४/
योगायोग असा की त्याच २००७ मध्ये मॅड रिव्हरच्या एकेरी लिफ्टचे नूतनीकरण पूर्ण झाले. लिफ्ट साठीच्या घरात आली होती, काहीतरी करणे भागच होते. दुहेरी खुर्ची बसवावी की जुनीच सावरावी, यावर सभासदांत चर्चा झाली. दुहेरीच्या बाजूने रांगेचा मुद्दा होता, मुलांना सोबत घेऊन वर जाण्याचा होता. तरी मोठ्या बहुमताने एकेरी ठेवण्याचे ठरले. पैसा मुख्यत्वे देणग्यांतून उभा राहिला. स्वतःच्या रांगेची लांबी स्कीपटूंनी स्वतःच मान्य केली.

१५/
येथवर वाचून ही केवळ सुखान्त कथा वाटेल. तसे नाही. मॅड रिव्हरवर स्नोबोर्डला बंदी आहे. ती बेट्सीबाईंच्या काळात आली आणि सहकारी संस्थेने ती कायम ठेवली. अमेरिकेत अशी बंदी असलेली नामांकित केंद्रे आता तीनच उरली आहेत. इतर दोन म्हणजे युटा राज्यातील आल्टा आणि डियर व्हॅली. विशेष म्हणजे आधुनिक स्नोबोर्डचे एक प्रवर्तक जेक बर्टन यांनी आपला धंदा १९७७ मध्ये याच व्हरमाँटमध्ये सुरू केला होता.

१६/
नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांनी स्नोबोर्डवाल्या तरुणांना कधीच दारे उघडली, कारण त्यांचेही पैसे पैसेच होते. सहकारी संस्थेला तशी निकड वाटली नाही. नफ्याची ओढ माणसांना पिळते, तशी कधी कधी बाहेरच्याला आतही घेते. ज्यांच्या हाती मत आहे त्यांच्या अपेक्षा संस्था उत्तम सांभाळते. मत नसलेल्याचे कोण पाहणार, हा प्रश्न तेथे अनुत्तरित आहे.

१७/
दरम्यान उद्योगाने दुसरेच उत्तर शोधले. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ मध्ये ‘एपिक पास’ ५७९ डॉलरला बाजारात आणला: एका पासावर कंपनीच्या अनेक केंद्रांत हंगामभर स्की. त्यातील मेख ही की पास हंगामाआधी विकत घ्यायचा. पैसा कंपनीच्या तिजोरीत हिवाळ्यापूर्वीच येतो. बर्फ पडला नाही तर जोखीम बरीचशी ग्राहकाची. वरवर पाहता मॅड रिव्हरच्या आगाऊ खरेदीसारखेच हे. पण येथे पैसे देणाऱ्याला मत नाही.

१८/
पास स्वस्त वाटावा म्हणून एका दिवसाचे तिकीट महाग होत गेले. व्हेल येथे गर्दीच्या दिवशीचे तिकीट आता ३०० डॉलरच्या पुढे गेले आहे. वर्षातून एखाद्या दिवशी मुलांना घेऊन येणारे कुटुंब यात मागे पडते. नियमित स्कीपटूंची तक्रार मात्र गर्दीची. २७ डिसेंबर २०२४ रोजी युटातील पार्क सिटी येथे उतारांची सुरक्षा पाहणारे स्की पेट्रोलचे कर्मचारी वेतनासाठी संपावर गेले. ऐन सुटीत बरेच उतार बंद राहिले आणि लांबच लांब रांगा लागल्या. ८ जानेवारीला वेतनवाढीवर संप मिटला.

१९/
आता आपल्या तीन शेजाऱ्यांची आजची स्थिती पाहू. पामेडोंनी सोडलेले स्टो २०१७ मध्ये व्हेल रिसॉर्ट्सने घेतले. शुगरबुश २०२० मध्ये अल्टेरा या दुसऱ्या बड्या कंपनीकडे गेले. मॅड रिव्हर ग्लेन अजून आपल्या सभासदांचेच आहे. २०१२ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

२०/
तेही सुरक्षित आहे असे मात्र नाही. तेथे कृत्रिम बर्फाची सोय डोंगराच्या थोड्याच भागापुरती आहे. २०१५-१६ चा हिवाळा व्हरमाँटमध्ये विलक्षण उबदार गेला. असे हिवाळे वाढत जाणार. अनेक केंद्रे असलेली कंपनी एका डोंगरावरची तूट दुसऱ्यावर भरून काढते. सहकारी संस्थेला डोंगर एकच. बर्फ बनवणारी यंत्रे वाढवावीत तर खर्च वाढतो, तिकीट वाढते. न वाढवावीत तर हंगाम आखडतो.

२१/
म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष ‘सहकार चांगला, कंपनी वाईट’ इतका सोपा नाही. नफा आणि अपेक्षा यांचा झगडा मॅड रिव्हरमध्येही संपलेला नाही. तो मालक आणि ग्राहक यांच्यामधून निघून सभासदांच्या वार्षिक सभेत आला आहे. तेथे स्कीपटूला फक्त काय हवे ते सांगून भागत नाही. त्यासाठी किती पैसे देणार, किती वेळ रांगेत उभे राहणार आणि कोणाला बाहेर ठेवणार, हेही हात वर करून सांगावे लागते. इतर केंद्रांतही हे निर्णय होतच असतात. ते कोण घेते, एवढाच फरक आहे. आणि पाऊणशे वर्षांचा हा वाद त्या फरकासाठीच चालला आहे.

(धागा समाप्त)