अठरा मात्रांचा गोंगाट

मंडळी, १९७५ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ नाना इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून सुटीत घरी आला तो काखेत एक रेकॉर्ड घेऊनच. मित्राच्या अमेरिकेतल्या मामाने आणलेली. वर वादकांचं नाव 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'! आई खूष. तिला वाटलं, भजनं असणार. सुरुवातीला मोठ्या घंटेसारखे घुमारे आहेत. ते ऐकून तिने हातसुद्धा जोडले. मग गिटार सुरू झाली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी नुकताच शाळेत लागलेला, अंगात मास्तरकी मुरत होती. "काय हा गोंगाट, बंद कर," म्हणालो. नानाने निमूट बंद केली. मी ते विसरलो, तो विसरला नाही.

ती रेकॉर्ड म्हणजे 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३ ची. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन हा मूळचा इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा, जन्म १९४२. १९६९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला आला आणि काही दिवसांतच माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसला. पुढे तिथेच श्री चिन्मय या बंगाली गुरूंचा शिष्य झाला. 'महाविष्णू' हे नाव त्यांनीच दिलेलं. १९७१ मध्ये त्याने पाच जणांचा वाद्यवृंद उभा केला. ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कोबम, कीबोर्डवर प्रागचा यान हॅमर, व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन आणि बास गिटारवर डब्लिनचा रिक लेर्ड. पाच जण, पाच गावचे! मॅकलॉफ्लिन पांढऱ्या कपड्यांत उभा राहायचा, हातात दोन मानांची गिटार.

जॅझमधली जागच्या जागी सुचण्याची मोकळीक आणि रॉकचा दणदणाट यांचा हा मेळ, म्हणून जॅझ-रॉक. पण चाहते वेडे होतात ते हिशोबापायी. रॉकचा संसार बहुतेक चाराच्या मापावर चालतो. इथे 'बर्ड्स ऑफ फायर' हीच रचना १८ मात्रांची! आपल्याकडे लक्ष्मीताल १८ चा आहे, पण त्याचे खंड निराळे. बरं, मात्रा मोजत बसावं तर गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड एकच तान त्या वेगात एकत्र घेतात, आणि लगेच सवाल-जवाब सुरू. हॅमर कीबोर्डवर अशी मींड काढतो की गिटार कुठली आणि कीबोर्ड कुठला, यावर नाना आणि त्याचे मित्र रात्र रात्र भांडत असत. या मंडळींचं ऐकणं म्हणजे निम्मं मोजणं आणि निम्मं भांडणं.

आणि हे सगळं टिकलं किती? अडीच वर्षं. स्टुडिओत केलेल्या दोन्ही रेकॉर्डवर रचनाकार म्हणून एकट्या मॅकलॉफ्लिनचं नाव. बाकीच्यांनाही आपल्या चाली वाजवायच्या होत्या. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत तिसरी रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात हॅमर, गुडमन, लेर्ड यांच्याही रचना होत्या. पण कुरबुरी वाढल्या, ती बाहेर आलीच नाही. तिच्याऐवजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या मैफलीची रेकॉर्ड निघाली. ३० डिसेंबर १९७३ ला शेवटचा कार्यक्रम झाला आणि पाचांची पांगापांग झाली. माझ्या मते दोष मॅकलॉफ्लिनचाच. वर्गातल्या हुशार मुलांना फळ्यावर येऊ दिलं नाही की असंच होतं. नानाला हे पटत नाही.

त्याच नावाने मॅकलॉफ्लिनने पुढे दुसरे वादक जमवले, पण चाहत्यांच्या लेखी पाच म्हणजे तेच पाच. लंडनच्या टेपा १९९९ मध्ये बाहेर आल्या. २६ वर्षं वाट पाहिली लोकांनी! ग्रेग बेंडियन नावाच्या ड्रमवादकाने तर हेच संगीत वाजवण्यासाठी वेगळा चमू काढला. २०१७ मध्ये मॅकलॉफ्लिनने स्वतः अमेरिकेतल्या निरोपाच्या दौऱ्यात या रचना पुन्हा वाजवल्या. मूळ पाच मात्र कधीच एकत्र आले नाहीत, आणि २०२१ मध्ये लेर्ड गेला.

(आपल्याकडे मॅकलॉफ्लिन म्हटलं की 'शक्ती' आणि माहीमचे झाकीर हुसेन. नाना यावर चिडतो. "ते घर वेगळं, हे वेगळं," म्हणतो. झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले तेव्हा मात्र दिवसभर 'शक्ती'च लावून बसला होता.)

गेली चार वर्षं नानाला वरचे स्वर ऐकू येत नाहीत. यंत्र लावलं की व्हायोलिनचा नुसता चरचराट होतो, म्हणून काढून ठेवतो. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो तर ती जुनी रेकॉर्ड लावलेली, आवाज मोठा, आणि हा दोन्ही तळहात टेबलावर दाबून बसलेला. ड्रम आणि बास त्याला लाकडातून कळतात. मला समोर बसवून म्हणाला, "दादा, व्हायोलिन कुठे येतं ते तू बोटाने सांग. मात्रा मी धरतो."

मी अकराव्या मात्रेलाच चुकलो. त्याने उठून सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.